जॉन हडसन : नऊ वर्षांचा आरोपी, सात वर्षांचं काळं पाणी

दर्यावर्दी

ऑस्ट्रेलियाला पाठवलेल्या कैद्यांचा विषय निघाला की गोष्टी रंगतात त्या पळून गेलेल्यांच्या, बंड केलेल्यांच्या, नाहीतर पुढे गडगंज झालेल्यांच्या. जॉन हडसन यांतला कोणीच नाही. कैद्यांना तिकडे नेणाऱ्या जहाजांच्या पहिल्या ताफ्यातून गेलेल्या कैदी मुलग्यांत तो सर्वांत लहान. त्याच्याबद्दल आज जे काही माहीत आहे, ते सगळं त्याला शिक्षा देणाऱ्यांनीच लिहून ठेवलेलं आहे. म्हणूनच हा धागा.

१० डिसेंबर १७८३ ला लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात त्याच्यावर खटला चालला. आरोप : ईस्ट स्मिथफील्डमध्ये विल्यम होल्ड्सवर्थ याच्या घरात रात्री शिरून चोरी. माल : एक लिननचा सदरा, पाच रेशमी मोजे, एक पिस्तूल आणि दोन एप्रन. पुरावा काय, तर आत उतरताना उमटलेले काजळीचे पाय आणि पायाची बोटं. पोरगा धुराडी साफ करायला जायचा, त्यामुळे काजळी आलीच. सदरा गहाण टाकायला तो दुकानात गेला, तिथे त्याला ओळखणारा साक्षीदार मिळाला.

न्यायालयाने त्याला तीन-चार प्रश्न विचारले. वय? नववं लागलंय. कामधंदा काय शिकलास? काही नाही, कधीमधी धुराडी साफ करतो. आईबाप? मेले. कधी? ठाऊक नाही.

हडसनचं म्हणून जे काही बोलणं कागदावर उरलंय, ते जवळपास एवढंच.

न्यायाधीश मात्र दुष्ट नव्हता, आणि मला जास्त टोचतं ते हेच. त्याने ज्यूरीला सांगितलं, एवढ्या कोवळ्या वयाच्या मुलाला घरफोडीत दोषी धरणं फार कठोर होईल. घरफोडी म्हणजे थेट फाशी. शिवाय तो म्हणाला की अशा मुलाला विनाशातून ओढून काढता आलं तर काढावं. सोडून दिलं तर तो पुन्हा त्याच वाईट लोकांच्या हाती पडेल, जे घरं लुटायला असली पोरं वापरतात. ज्यूरीने घरफोडी वगळून नुसत्या चोरीचा दोष ठेवला. मग त्याला 'ओढून काढण्यासाठी' सात वर्षं समुद्रापार हद्दपारी सुनावली.

बाकीचं उद्या टंकतो.

रानजाई

बाप रे. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, अजून बुटाची नाडी मलाच बांधायला लावतो.
एक शंका : एवढ्या लहान मुलावर खटला चालवणं तेव्हाच्या कायद्यात बसत होतं? की गरीब म्हणून कोणी विचारलंच नाही?

वकीलबाबा

रानजाई ताई, व्यवस्थित बसत होतं. इंग्लिश कायद्यानुसार सात वर्षांखालचं मूल गुन्हा करूच शकत नाही असं धरत. सात ते चौदा या वयात, मुलाला बरंवाईट कळत नाही हे गृहीत; पण सरकारी पक्षाने उलट सिद्ध केलं तर ते गृहीतक कोसळायचं. व्यवहारात चोरीचा माल लपवला, खोटं बोलला, एवढ्यानेही 'कळत होतं' असं मानता येई.

दुसरी बाजूही बघा. त्या काळी इंग्लंडात दोनशेच्या वर गुन्ह्यांना देहदंड होता. एवढ्या लोकांना रोज लटकवणं न्यायालयांनाही झेपत नव्हतं. त्यामुळे ज्यूरी मालाची किंमत मुद्दाम कमी धरत, आरोपाचं कलम उतरवत, राजा शिक्षा बदलून देई. हद्दपारी ही फाशी आणि सुटका यांच्या मधली पायरी. १७७५ पर्यंत या कैद्यांना अमेरिकेतल्या वसाहतींत पाठवत, सुमारे ५० हजार गेले. मग अमेरिकेत युद्ध पेटलं आणि ते दार बंद झालं. हडसनला शिक्षा झाली तेव्हा त्याला नेमकं कुठे पाठवायचं हे सरकारलाच माहीत नव्हतं.

दर्यावर्दी

वकीलबाबांनी दुवा बरोबर जोडून दिला, तिथूनच पुढे.

सरकारने आधी अमेरिकाच पुन्हा आजमावून पाहिली. १७८४ च्या एप्रिलमध्ये 'मर्क्युरी' जहाजातून कैदी निघाले, त्यांत हा पोरगा. इंग्लंडचा किनारा सुटायच्या आतच कैद्यांनी जहाज ताब्यात घेतलं आणि ते डेव्हनच्या टॉरबे उपसागरात आणलं. बरेच जण होड्यांतून किनाऱ्याकडे पळाले, बहुतेक पकडले गेले. हडसनही परत हाती लागला. एक्सेटरचा तुरुंग, आणि तिथून प्लिमथजवळ 'डंकर्क' नावाच्या जहाजावर रवानगी.

हे 'डंकर्क' कुठे जाणारं जहाज नव्हतं. तुरुंग भरून वाहू लागल्यावर १७७६ च्या कायद्याने जुनी, डोलकाठ्या उतरवलेली जहाजं बंदरात नांगरून त्यांत कैदी कोंडायला सुरुवात झाली होती. त्यातलंच हे एक. तिथे हडसन जवळजवळ तीन वर्षं होता. वय दहा ते बारा. सोबतीला सराईत चोर, दरोडेखोर. ज्या संगतीतून न्यायाधीशाला त्याला सोडवायचं होतं, तिची ही सरकारी आवृत्ती.

मार्च १७८७ मध्ये त्याला 'फ्रेंडशिप'वर चढवलं. पहिला ताफा ११ जहाजांचा, १३ मे १७८७ ला पोर्ट्समथहून निघाला. टेनेरिफ, रिओ, केप टाउन करत आठ महिन्यांनी बॉटनी बे. 'फ्रेंडशिप'वर राल्फ क्लार्क नावाचा नौसैनिक अधिकारी होता, त्याने दैनंदिनी लिहिली आहे. केपला या जहाजावरच्या कैदी बायकांना दुसऱ्या जहाजांवर हलवून त्यांच्या जागी मेंढ्या भरल्या, तेव्हा या गृहस्थाने लिहिलं की बायकांपेक्षा मेंढ्यांची सोबत बरी. अशा माणसांच्या नजरेखाली हा मुलगा होता.

बॉटनी बेला पाणी आणि जमीन धड नाही म्हणून ताफा उत्तरेला सरकला. २६ जानेवारी १७८८ ला सिडनी कोव्हमध्ये झेंडा रोवला. तेव्हा हडसन तेराच्या आसपास. धुराडी साफ करणारा मुलगा अशा ठिकाणी उतरला, जिथे एकही धुराडं नव्हतं.

तिरकस

लेख छान, पण अश्रू जरा आवरते घ्या मंडळी. लंडनला राहिला असता तर काय झालं असतं? या धुराड्यातल्या पोरांची वाढ खुंटायची, हाडं वाकायची, काही आतच अडकून गुदमरून मरायची. कामाला लावण्याचं किमान वय आठ असा कायदा झाला १७८८ मध्ये, तोही कोणी पाळला नाही. ही प्रथा खरी बंद व्हायला १८७५ उजाडलं. फाशी नाहीतर फुप्फुसं, दोनच पर्याय. ऑस्ट्रेलियात निदान मोकळी हवा, जमीन, नवी सुरुवात. मेरी रीबी बघा. घोडा चोरला म्हणून चौदाव्या वर्षी शिक्षा झाली आणि आज ऑस्ट्रेलियाच्या नोटेवर आहे. हद्दपारीने जितक्या गरिबांचं भलं केलं तितकं इंग्लंडातल्या कुठल्या धर्मादाय संस्थेने केलं नसेल.

सिडनीची_सई

तिरकसराव, मेरीबाई माझ्या पाकिटात आहेत, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे. 🙂

मूळची इंग्लंडातल्या लँकेशरमधल्या 'बरी' या गावची. मुलाच्या वेषात, जेम्स बरो या नावाने वावरताना पकडली गेली. स्टॅफर्डला जुलै १७९१ मध्ये सात वर्षांची शिक्षा. खटल्याच्या वेळी मुलगी आहे हे उघड झालं. ऑक्टोबर १७९२ मध्ये सिडनीला पोचली आणि मेजर ग्रोझच्या घरी मुलं सांभाळायला लागली. १७९४ मध्ये थॉमस रीबीशी लग्न. हा आयरिश गडी आधी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. दोघांनी हॉक्सबरी नदीकाठी शेती आणि मग जहाजांतून मालाची ने-आण सुरू केली. सिडनीतल्या घराला त्याने नाव दिलं 'एंटाली', कलकत्त्यातल्या वस्तीवरून. १८०९ मध्ये तो व्यापारासाठी हिंदुस्थानात जाऊन आला, आजारी होऊन परतला आणि १८११ मध्ये गेला. मेरी तेव्हा चौतिशीच्या आत, पदरात सात मुलं. तिने जहाजं, गोदामं, दुकान सगळं एकटीने चालवलं आणि वाढवलं. १८१७ मध्ये बँक ऑफ न्यू साउथ वेल्स सुरू झाली ती तिच्याच मॅक्वारी प्लेसमधल्या घरात. १८२० मध्ये मुलींना घेऊन लँकेशरला जाऊन आली, ज्या गावातून हाकलली गेली होती तिथे मानाने मिरवून. १८५५ मध्ये वारली. १९९४ पासून २० डॉलरच्या नोटेवर आहे.

(नोटांचा इथे एक वेगळाच विनोद आहे. पहिल्या १० डॉलरच्या नोटेवर फ्रान्सिस ग्रीनवे होता. उत्तम वास्तुविशारद, सिडनीचं हाइड पार्क बॅरक्स त्याचंच. शिक्षा कशाची झालेली? खोटा दस्तऐवज बनवल्याची.)

पण तिरकसराव, तुम्ही १,६२,००० कैद्यांतून एक नोटेवरची बाई उचलली. १७८८ ते १८६८ या ८० वर्षांत एवढे लोक इथे आणले गेले. त्यातले बहुतेक ना श्रीमंत झाले ना बंडखोर. मेरीकडे अक्षरओळख होती, लग्न लवकर आणि चांगल्या माणसाशी झालं, आणि वसाहतीत बायका फारच कमी होत्या. अनाथ, निरक्षर, हातात कसब नसलेल्या तेरा वर्षांच्या मुलाला यातलं काय लागू पडतं?

तुलना करायचीच तर मेरी वेडशी करा. लंडनच्या रस्त्यावर झाडू मारून भीक मागणारी पोर. आठ वर्षांच्या एका मुलीचे कपडे काढून घेतले म्हणून जानेवारी १७८९ मध्ये तिला फाशी सुनावली, वय अकरा. मार्चमध्ये राजा तिसरा जॉर्ज वेडाच्या झटक्यातून बरा झाल्याचं जाहीर झालं, त्या आनंदात कैदी बायकांच्या फाशा हद्दपारीत बदलल्या. 'लेडी जुलियाना'तून ती जून १७९० मध्ये सिडनीला आली. १८५९ मध्ये वारली तेव्हा तिचे तीनशेवर वंशज हयात होते. माजी पंतप्रधान केविन रड तिच्याच वंशातले.

कोकणकडा

सईताई, माहितीबद्दल धन्यवाद, पण 'मोकळी हवा, जमीन' यावर कोणीच काही बोलत नाही म्हणून मी बोलतो. ती जमीन मोकळी नव्हती. सिडनी कोव्हला गाडिगल हे मूळ रहिवासी राहत होते. कैद्यांना ज्या जमिनी वाटल्या त्या त्यांच्याच. एप्रिल १७८९ मध्ये देवीची साथ आली आणि बंदराभोवतीचे हे लोक किती तरी संख्येने मेले. किनाऱ्यावर, कपारींत प्रेतं पडलेली गोऱ्यांनी लिहून ठेवली आहेत. हडसनने ती पाहिली असणार, तो तेव्हा तिथेच होता. २६ जानेवारीला आपण झेंडावंदन करतो, तिकडे त्याच दिवशी मूळ रहिवासी शोक पाळतात.

तिरकस

मान्य. पण मग हडसनला त्या अन्यायातला भागीदार म्हणायचं की बळी?

कोकणकडा

तेरा वर्षांच्या बेडीतल्या पोराला मी भागीदार म्हणणार नाही. ज्यांनी ताफा पाठवला त्यांना म्हणेन.

दर्यावर्दी

चर्चा छान चालली आहे. हडसनचं उरलेलं सांगून टाकतो, फार नाही.

पहिली दोन वर्षं वसाहत उपाशी होती. पिकं येईनात, इंग्लंडहून जहाज येईना, शिधा कापत कापत नेला. मार्च १७९० मध्ये गव्हर्नर फिलिपने बरीच माणसं नॉरफॉक बेटावर हलवायचं ठरवलं. सिडनीपासून हे बेट सोळाशे-सतराशे किलोमीटरवर, भर समुद्रात. हडसन 'सिरियस' या युद्धनौकेतून तिकडे गेला. माणसं उतरली, आणि १९ मार्चला जहाज खडकांवर आदळून फुटलं. आता बेटावर पाचशेच्या घरात तोंडं आणि तुटपुंजं धान्य. मेजर रॉसने लष्करी कायदा लावला. त्या हिवाळ्यात लोक तगले ते पक्ष्यांवर. माउंट पिट डोंगरावर बिळांत घरटी करणारे समुद्रपक्षी रात्री उतरत, ते हातांनी धरून मारायचे. एप्रिल ते जुलै एवढ्या काळात १,७०,००० हून जास्त मारले. काही वर्षांत बेटावरून हा पक्षी नाहीसाच झाला.

मग १५ फेब्रुवारी १७९१ ची एक नोंद येते. जॉन हडसन, ५० फटके. गुन्हा : रात्री नऊनंतर झोपडीबाहेर आढळला.

यानंतर कागदोपत्री हडसन नाही.

वकीलबाबा

दर्यावर्दी साहेब, जरा तारखा मांडून बघा. शिक्षा १० डिसेंबर १७८३ ची, सात वर्षांची. मुदत शिक्षेच्या तारखेपासून मोजत, जहाजावर चढल्यापासून नव्हे. म्हणजे मूळ शिक्षा धरली तर डिसेंबर १७९० मध्ये तो सुटला. फटके पडले फेब्रुवारी १७९१ मध्ये.

आणि यात नवल नाही. पहिल्या ताफ्याबरोबर कैद्यांच्या मुदतीची कागदपत्रं आलीच नव्हती. कोणाची मुदत कधी संपते हे फिलिपलाही सांगता येत नव्हतं. १७८९ पासूनच लोक येऊन सांगू लागले की आमची सात वर्षं भरली, आणि तो म्हणे, इंग्लंडहून कागद येऊ देत. कायद्याने मोकळ्या माणसांना कैद्याच्याच शिध्यावर, कैद्यासारखं राबावं लागलं. शिक्षा द्यायला कागद लागला नाही, सुटकेला मात्र लागला.

रानजाई

रात्री नऊनंतर बाहेर… भूक लागली म्हणून पक्षी धरायला गेला असेल का हो?

दर्यावर्दी

ताई, फेब्रुवारीत ते पक्षी नसत, हिवाळ्यात येत. सोळा वर्षांचा मुलगा रात्री बाहेर का पडतो याची कारणं हजार असतील. नोंदीत एकच ओळ आहे, तिला मी फाटे फोडणार नाही.

चिंचोके

आमच्यासारख्या हिशेबी लोकांसाठी एक. पहिल्या ताफ्यात मृत्यू तुलनेने कमी झाले. दुसऱ्या ताफ्याचं कंत्राट मात्र गुलामांच्या व्यापारात मुरलेल्या कंपनीला दिलं, आणि पैसे ठरले चढवलेल्या डोक्यामागे, उतरवलेल्या नव्हे. निकाल : 'नेपच्यून', 'स्कारबरो' आणि 'सरप्राइज' या तीन जहाजांवर १७९० मध्ये सुमारे चौथा हिस्सा कैदी वाटेतच मेले. उरलेल्यांपैकी कित्येकांना उचलून उतरवावं लागलं. पुढे पैशांचा काही भाग जिवंत पोचवण्यावर ठेवला, जहाजावर डॉक्टरला अधिकार दिले, आणि मृत्यू धाडकन घटले. दया तीच होती, कंत्राटाची ओळ बदलली.

होबार्टची_पाटी

मुलांचाच विषय आहे म्हणून टास्मानियाची भर. पोर्ट आर्थरच्या मोठ्यांच्या तुरुंगासमोर, खाडीपलीकडे पॉइंट प्युअर आहे. १८३४ ते १८४९ तिथे फक्त मुलांसाठी तुरुंग होता. ब्रिटिश साम्राज्यातला असा पहिलाच. पंधरा वर्षांत सुमारे ३,००० मुलं गेली, काही नऊ वर्षांची. कमांडंट बूथ याचा उद्देश असा की मोठ्या कैद्यांपासून पोरं वेगळी ठेवावीत आणि कसब शिकवावं. चांभारकाम, सुतारकाम, दगड घडवणं, होड्या बांधणं. लिहायला-वाचायलाही शिकवत. आणि फटके, अंधारकोठडी, भाकरी-पाण्यावर ठेवणं हेही होतंच. तिथून निघालेल्या काहींनी कसबावर आयुष्य काढलं, काही पुन्हा पोर्ट आर्थरला मोठ्यांच्या तुरुंगात.

हडसनपेक्षा यांची माहिती कितीतरी जास्त मिळते. टास्मानियात प्रत्येक कैद्याची उंची, डोळ्यांचा रंग, गोंदण, जखमेचे व्रण, प्रत्येक शिक्षा, सगळं वहीत भरायचे. त्या वह्या आता बसल्या जागी बघता येतात. आत्ताची ऑस्ट्रेलियन मंडळी आपला कैदी पूर्वज सापडला की पार्टी देतात. दोन पिढ्यांपूर्वी हेच लपवत असत.

डोंगरवाट

आपल्याकडचा दुवा कोणी दिला नाही म्हणून. ब्रिटिशांनी हीच पद्धत इकडेही चालवली. १८१५ पासून बंगाल आणि मुंबई इलाख्यातले कैदी मॉरिशसला पाठवत, सुमारे दीड हजार गेले. तिथले रस्ते त्यांनी बांधले. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन पोर्ट लुईला उतरला तेव्हा त्याने त्यांना पाहिलं आणि त्यांच्याबद्दल आदराने लिहिलं. पेनांग, सिंगापूर इकडेही आपले कैदी होते. १८५८ मध्ये अंदमान सुरू झालं तेव्हा ब्रिटनचे कैदी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमंटलला उतरतच होते, शेवटचं जहाज 'हूगोमाँट' जानेवारी १८६८ मध्ये पोचलं. म्हणजे दहा वर्षं दोन्ही कारखाने एकाच वेळी चालू होते.

तिरकस

डोंगरवाट, ही भर खरंच चांगली. मला वाटायचं अंदमान ही आपल्यासाठी खास काढलेली योजना.
बाकी माझं मत तेच : मेरी वेड लंडनला राहिली असती तर अकराव्या वर्षी फासावर गेली असती.

सिडनीची_सई

आणि तिला फासावर कोण पाठवत होतं? तेच ना, ज्यांनी नंतर जहाजात बसवलं? फाशी आधी आपणच ठेवायची, मग ती काढून घेतल्याचं श्रेयही आपणच घ्यायचं!

रानजाई

सईताई +१

दर्यावर्दी, मूळ खटला वाचता येईल का? इंग्रजी जुनी असली तरी चालेल.

दर्यावर्दी

येईल. ओल्ड बेलीचे १६७४ ते १९१३ चे खटले जालावर फुकट आहेत. जॉन हडसन नावाचे बरेच निघतील, म्हणून डिसेंबर १७८३ ची बैठक निवडा. छापलेला मजकूर दोन-अडीच पानांचाही नाही. होबार्टच्या ताईंनी त्या वह्यांवर स्वतंत्र धागा काढावा अशी विनंती, इथे फार पसरट होईल.

होबार्टची_पाटी

काढते. एक पॉइंट प्युअरचा मुलगा निवडून त्याची वही ओळीने लावते. शनिवार-रविवार बघून टंकीन.